बारा कुर्ल्या आणि एक कोनफळ

केशरनं चार वर्षांत कायतानबाबच्या घरात जे जे शिजवलं, त्यातल्या एकाही पदार्थाची चव तिला ठाऊक नव्हती.

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटायचं. कॅसलरॉकच्या स्टेशनावर तर त्याची थट्टाच चालायची. सांधे बदलणारा तुकाराम हातातलं निशाण काखेत मारून तिला अडवायचा आणि म्हणायचा, “वैनी, तू म्हंजे डोळं बांधून दागिना घडवणारी सोनारीण.”

“डोळं बांधलेलं असतील, नाक उघडं हाय,” केशर चालता चालता उत्तर द्यायची. “तुझ्यासारखी तपकीर भरून ठेवत न्हाई मी त्यात.”

गोष्ट साधी होती. केशर दिग्गीची, जंगलातल्या कुणब्यांची सून. तिच्या माणसांत दुसऱ्याच्या भांड्यात शिजलेलं खात नसत. कच्चा शिधा कुणीही द्यावा, तो चाले. पण एकदा परक्या मडक्यात पडून त्याला आच लागली की तो त्या घराचा झाला. कायतानबाब रेल्वेतले गार्ड, घाटाखालच्या साष्टीकडचे ख्रिस्ती. केशर त्यांची भांडी घाशी, चूल पेटवी, मसाला वाटी, आमटी उकळवी. पण त्यांच्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घेत नसे. परसात फणसाचं झाड होतं. त्याच्या खालच्या फांदीला तिचा पाण्याचा भोपळा टांगलेला असे. तहान लागली की ती झाडाखाली जाई, दोन घोट घेई आणि पुन्हा चुलीपाशी येऊन बसे. दिग्गीला गेल्यावर पंगतीत बसता यायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. यात तिला ना अवघड वाटत होतं, ना मोठेपणा.

या घरात ती आली तीही चुलीमुळेच. नवरा नागू तापानं गेला त्या वर्षी ती रुळांवर खडी टाकणाऱ्या बायकांबरोबर इकडे आली होती. एका सकाळी क्वार्टरच्या मागच्या दारातून धुराचा लोट बाहेर पडताना तिला दिसला. आत कायतानबाबची नवी नवरी पियेदाद ओल्या लाकडांपुढे बसून रडत होती. धुरानं रडत होती की माहेरच्या आठवणीनं, ते तिलाही सांगता आलं नसतं. केशरनं खडीची पाटी बाहेर उतरवली, लाकडं ओढून काढली, मूठभर वाळकी पानं सारली आणि गुडघ्यावर बसून एक लांब फुंकर घातली. जाळ उभा राहिला.

“उद्यापण येशील?” पियेदादनं डोळे पुसत विचारलं होतं. त्या ‘उद्या’ची आता चार वर्षं झाली.

या चार वर्षांत दोघींची एक रीत बसून गेली होती. केशरनं शिजवायचं, पियेदादबायनं चाखायचं. “मीठ हवं गो,” “आंबट झालं गो,” एवढं बाय बोलली की केशर तो वास, तो रंग, उकळीचा तो आवाज मनाशी बांधून ठेवी. पुढच्या वेळी चूक होत नसे. दोन बायकांनी मिळून जणू एकच स्वयंपाकीण तयार केली होती. हात एकीचे, जीभ दुसरीची.

आणि आता ती जीभ साष्टीला निघाली होती. बायला सातवा महिना लागला होता. ईस्टर झाला की तिला माहेरी नेणार होते आणि पावसाळा संपल्यावर बाळाला घेऊन ती परतणार होती. तोवर कायतानबाबचं जेवण कोण बघणार? त्यांच्या आईनं, म्हणजे थोरल्या बायनं, राय गावातल्या आपल्या घरून निरोप धाडला होता: एक जुना स्वयंपाकी हाताशी आहे, त्याला पाठवते. जी चाखतच नाही, तिच्या हवाली मुलाचं पोट कसं करायचं?

स्वयंपाकी आला की केशरला दिग्गीला परतावं लागणार होतं. शिमग्याला ती गावी गेली तेव्हा धाकटा दीर म्हादू सरळपणे म्हणाला होता, “बाय माहेरी गेली की तू आपल्या घरी ये, वैनी. घर तुझंच हाय.” थोरली जाऊ तुळजा भाकरी थापता थापता म्हणाली होती, “ये बाई. पाणी भराय माणूस हवंच हाय.”

दोघांपैकी वाईट कुणी नव्हतं. पण त्या घरात दोन जावा होत्या आणि चूल एक होती. ती थोरलीची, तिच्यानंतर मधलीची. विधवा धाकटीच्या वाट्याला पाणी, दळण आणि शेण येणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. केशरला अन्नवस्त्राची भीती नव्हती. तिला विस्तवापासून दूर बसायचं नव्हतं.

थोरली बाय यायची होती ती कोरेज्मातल्या तिसऱ्या शुक्रवारी. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाला बाय कोरेज्म म्हणत. त्या दिवसांत मटण बंद. शुक्रवारी दुपारी एकदाच जेवायचं, आणि संध्याकाळी खुरसापुढची, म्हणजे क्रुसापुढची, प्रार्थना झाल्यावर तळहातावर मावेल एवढंच काहीतरी तोंडात टाकायचं. दर शुक्रवारी ही प्रार्थना एकेका घरी असे. आजची पाळी कायतानबाबची होती, आणि घाटाखालून पाद्रीही यायचे होते. म्हणून पियेदादबायनं कुर्ल्यांच्या पाठी करायचं ठरवलं होतं. समुद्राच्या कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, मांस काढायचं, कांदा, हिरवी मिरची, मिरी, खोबरं आणि भिजवून पिळलेला पाव घालून कालवायचं, ते कुर्लीच्याच पाठीच्या धुतलेल्या कवचात भरायचं, वरून पावाचा चुरा भुरभुरायचा आणि भट्टीत खरपूस भाजायचं. करायला सोपं, दिसायला सुरेख, आणि बरोबर एका तळहाताएवढं.

पहिल्या वर्षी हे बघून केशरनं तोंडावर पदर घेतला होता. “अगं बाय, आमच्या उपासाला मासळी चालत न्हाई, आन् तुमच्या उपासाला मासळीबिगर चालत न्हाई!”

पियेदाद इतकी हसली होती, की तिला जमिनीवर बसावं लागलं होतं.

भट्टी म्हणजे घासलेटचा रिकामा डबा. तो आडवा ठेवून केशरनं त्याला वारुळाच्या मातीचा जाड लेप दिला होता. खाली निखारे, वर निखारे. आत फणसाचं पान टाकायचं आणि वीस आकडे मोजायचे. तेवढ्यात पानाच्या कडा तपकिरी झाल्या तर भट्टी तयार. काळ्या झाल्या तर थोडे निखारे ओढायचे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी सकाळची, पण घाटात कुठेतरी मालगाडी अडकली आणि ती आली दुपारी दोन वाजता. थोरली बाय उतरली. काळा पदर, हातात जपमाळ, मागे हमालाच्या डोक्यावर करंडी. उंबरठ्यावरच तिनं केशरला आपादमस्तक न्याहाळलं.

“ही ती न चाखणारी?”

“व्हय बाय. मीच ती.”

“रायचा आमचा माणूस पंचवीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे. तो चाखतो. थोडं जास्तच चाखतो, पण चाखतो.” थोरल्या बायनं करंडीकडे बोट केलं. “बारा आहेत. आज आम्ही बाराजण. बघू तुझा हात.”

एवढं बोलून ती सुनेच्या खोलीत गेली.

करंडीत कुर्ल्या होत्या त्या लालभडक. नेहमी ओल्या गोणपाटात जिवंत यायच्या, नांग्या उगारून. आज उन्हात गाडी रखडणार हे जणू ठाऊक असल्यासारख्या उकडूनच पाठवलेल्या. बरं झालं, केशर मनात म्हणाली, एक काम वाचलं. तिनं मांस सोडवलं, पाठी धुऊन परसातल्या दगडावर उन्हात पालथ्या घातल्या. कांदा चिरला, मिरी कुटली, पाव भिजवून पिळला. चार वर्षांच्या सवयीनं मुठीतून मीठ सोडलं. कालवलं. वास बरोबर आला.

मग ती पाठी आणायला परसात गेली आणि तिथंच थबकली. वाळलेल्या लाल पाठींच्या कडांना पांढरी रेघ उमटली होती. तिनं नख ओढलं. बारीक पांढरी भुकटी नखात आली.

मीठ.

कुर्ल्या साध्या पाण्यात नव्हे, मिठाच्या पाण्यात उकडल्या होत्या. म्हणजे मांसातही मीठ, आणि त्यावर तिनं आपली मूठ सोडलेली. किती जास्त? थोडं? की तोंडात धरवणार नाही इतकं? वासाला मीठ कळत नाही. रंगाला कळत नाही. केशरचं सगळं शहाणपण त्या पांढऱ्या रेघेपाशी येऊन संपलं.

ती बायच्या दाराशी गेली. सासू शेजारच्या खोलीत पडली होती. पियेदाद बाळाचं टोपडं शिवत बसली होती.

“बाय, जरा चाखून बघता? एक बोटभर.”

बाळंत व्हायच्या बाईला उपास माफ होता. पण केशरनं वाडगा पुढं करताच पियेदादचा चेहरा हिरवट झाला. तिनं टोपडंच तोंडावर दाबलं. “ने गो, ने, ने! कुर्लीचा वास नाकात गेला की सकाळपासूनचं सगळं...” पुढचं तिला बोलता आलं नाही.

थोरल्या बायला विचारायची सोय नव्हती. एक तर तिचा उपास. दुसरं, चव घ्या म्हणून तिलाच सांगायचं म्हणजे रायच्या माणसाला स्वतःच्या हातानं तार करण्यासारखं. कायतानबाब संध्याकाळच्या गाडीबरोबर येणार. शेजारच्या ख्रिस्ती घरांत सगळ्यांचाच शुक्रवार.

केशर वाडगा घेऊन रुळांकडे धावली. “तुकाराम, ए तुकाराम, आ कर.”

तुकारामनं आ करण्याऐवजी गळ्यातली तुळशीची माळ वर उचलून दाखवली. “वैनी, बारा वर्षं झाली माळ घालून. आज तुझ्या कुर्लीपायी तोडू व्हय?”

“मग दुसरा कोन हाय हितं?”

तुकारामनं फलाटाकडे बघितलं. बाकावर एक म्हातारा प्रवासी झोपला होता, कपाळभर विभूती. “उळवीच्या देवाचं दर्शन घेऊन आलाय त्यो. उठव बघू. उठवून कुर्ली दाव.” आणि आपल्याच विनोदावर तो पोट धरून हसू लागला. “अख्ख्या टेसनात तुझी कुर्ली चाखंल असं एक तोंड न्हाई, वैनी! देवानं सगळ्यांची तोंडं बांधून ठेवलीत आज.”

केशर परत आली. फणसाखाली बसली. वाडगा मांडीवर. एक बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि थुंकून टाकायचं, कोण बघतंय? झाडावर एक कावळा होता, बस. तिनं बोट वाडग्याच्या काठापर्यंत नेलंही. मग तिला तुळजाची पंगत दिसली. तुळजाला कधीच कळलं नसतं. पण पान वाढताना तुळजा तिच्याकडे बघणार, आणि तिला खाली मान घालावी लागणार. केशरनं बोट मागं घेतलं आणि लुगड्याला पुसलं.

पायाला काहीतरी मऊ लागलं. स्टेशनातला बोका. कान फाटका, कोणाचाच नाही, आणि ना उपास ना माळ.

केशरनं पानावर चमचाभर सारण ठेवलं. बोक्यानं ते दोन घासांत संपवलं, मिशा चाटल्या आणि उठून सरळ मोरीकडे गेला. तिथल्या थाळीतलं पाणी लपलप पीत राहिला. केशर मोजत होती. वीस झाले, तीस झाले, तरी बोक्याची मान वर येईना.

“एवढं खारट?” ती पुटपुटली. बोक्यानं तिच्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

मांस धुतलं तर चव जाणार. पाव उरला होता, तो वरच्या चुऱ्यापुरता. खोबरं संपलं होतं. केशरनं डोळे मिटले आणि दिग्गीत असं झालं तर काय केलं असतं, याचा विचार केला. दिग्गीत आमटी खारट झाली तर त्यात कंद पडतो. म्हादूनं शिमग्याहून निघताना बांधून दिलेलं कोनफळ तिच्या खोपटात अजून तसंच पडलं होतं, मांडीएवढं, केसाळ, मातीत माखलेलं.

ती पळत जाऊन ते घेऊन आली. भट्टीसाठी निखारे पाडले होतेच; कोनफळाचे मोठे तुकडे त्यांच्या राखेत पुरले. शिजल्यावर साली ओढल्या. आतला जांभळट पांढरा गर वाफाळत होता. बिनमिठाचा, गोडसर, मीठ पिऊन टाकायला तयार. तिनं तो ठेचून सारणात मिसळला. लिंबू पिळलं. पुन्हा पानावर चमचाभर.

बोका आला. हुंगलं. खाल्लं. मग पाण्याकडे न जाता तो केशरपुढं बसला आणि पुढचा पंजा सावकाश चाटू लागला; आणखी मिळेल का, अशा बेतानं.

“हां,” केशर म्हणाली. तिच्या पाठीवरचा घाम आता कुठं थंड लागला.

पण सारण दुप्पट झालं होतं. बारा पाठी भरल्या तरी अर्धं पातेलं शिल्लक. टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं फणसाची पानं तोडली, काड्या टोचून त्यांचे छोटे द्रोण केले, पणतीएवढे, आणि उरलेलं त्यात भरलं. वर चुरा. फणसाचं पान भट्टीत टाकून वीस मोजले. कडा तपकिरी झाल्या.

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा खुरसापुढं मेणबत्त्या लागल्या होत्या. पाद्री आले होते, कायतानबाब टोपी काढून उभे होते. उपासकाळातली ती गाणी केशरला दर वर्षी आवडत. शब्द कळत नसत, पण कोणीतरी आपलं माणूस गमावलं आहे, एवढं सुरांवरून कळे. आज तिचं गाण्यात लक्ष नव्हतं. ती भट्टीचं तोंड उघडून एकेक पाठ बाहेर काढत होती. चुरा सोन्यासारखा झाला होता, कडांना बारीक बुडबुडे.

माणसं ओसरीवर बसली. पियेदादनं, नाकाला रुमाल लावून, ताट फिरवलं. केशर दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून उभी. पहिले घास तोंडात गेले. हा क्षण तिला फार लांब वाटला.

मग पाद्री म्हणाले, “हे पानातलं काय आहे? आणखी एक घेतलं तर उपास मोडेल का, याचा मला आधी विचार केला पाहिजे.”

ओसरीवर हसू फुटलं. “पाद्रीबाब, तुम्ही मोडलात तर आम्हाला रस्ता मोकळा,” कायतानबाब म्हणाले. पानातले द्रोण पाठींच्या आधी संपले.

सगळे गेल्यावर थोरली बाय स्वयंपाकघरात आली. पाटावर बसली. जपमाळ मांडीवर ठेवली.

“कुर्ल्या मी मिठाच्या पाण्यात उकडून आणल्या होत्या,” ती म्हणाली. “आमच्याकडची पद्धत. तुला सांगायचं राहिलंच. प्रार्थना करताना मधेच आठवलं. तिथून पुढं मी देवाचं एक अक्षर म्हटलेलं नाही. पाद्रींच्या तोंडात मीठ जाणार, हेच डोळ्यांसमोर. तुला कळलं कसं?”

केशरनं पाठीवरची पांढरी रेघ सांगितली. मग थोडी थांबून बोक्याचंही सांगितलं. बोका मोरीवर कितीदा लपलप करत होता तेही. थोरल्या बायचे खांदे आधी हलले, मग ती पदर डोळ्यांना लावून हसली, सुनेसारखीच.

“आणि तू? पाठीमागं कोणी नव्हतं. एक बोट लावलं असतंस तर?”

“लावलं असतं,” केशर म्हणाली, “पर मग पंगतीला बसता आलं नसतं.”

“त्यांना कळलं असतं?”

“न्हाई. मला कळलं असतं.”

थोरल्या बायनं मांडीवरची जपमाळ उचलून मनगटाला गुंडाळली. बाहेर बोका उष्ट्या पानांमध्ये काहीतरी शोधत होता.

“रायला माझ्या शेतावर ज्या बायका लावणीला येतात, त्या पण अशाच,” ती शेवटी म्हणाली. “तांदूळ नेतील, भात घेणार नाहीत. मला राग यायचा. आता वय झालं, येत नाही. पण ऐक गो. मांजराच्या जिभेवर मी माझ्या लेकाला पावसाळाभर सोडणार नाही.”

केशरनं मान खाली घातली. तिला दिग्गीची विहीर दिसली.

“कच्चं चालतं ना तुला?”

“व्हय.”

“तुझ्या मडक्यात, तुझ्या चुलीवर, तू शिजवलेलं?”

“चालतं की.”

“मग इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही हे!” थोरल्या बायनं गुडघ्यावर थाप मारली. “आधी तुझा वाटा कच्चा बाजूला काढायचा, मग आमच्यात आमचं. तेच मीठ, तोच मसाला, तीच मिरी. तुझं तू चाखायचं, आणि त्यावरून आमचं जुळवायचं. त्या फणसाखाली तीन दगड मांडायला काय गव्हर्नराची परवानगी लागते?”

दुसऱ्याच दिवशी तुकाराम लोंढ्याच्या बाजारातून दोन नवी मडकी आणि झाकणाला एक मातीचं पसरट परळ घेऊन आला. घरातल्या कुणी त्यांना हात लावला नाही. ती सरळ फणसाखाली उतरली. केशरनं तीन दगड मांडले, जमीन सारवली. थोरल्या बायनं रायला पत्र लिहवून घेतलं: स्वयंपाकी पाठवू नये.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा कुर्ल्या आल्या, या वेळी जिवंत, नांग्या उगारून. पाळी शेजाऱ्यांची होती. हे केवळ घरापुरतं होतं. केशरनं आधी आपला वाटा काढला आणि फणसाखाली नेऊन उकडला. परक्या भट्टीतल्या पावाऐवजी आपल्या कोनफळाचा गर घालून सारण कालवलं, पानाच्या द्रोणात भरलं, तो नव्या मडक्यात ठेवला, वर परळ झाकून परळावर निखारे रचले. बोका शेजारी बसला होता, आपली नोकरी गेली हे त्याला अजून कळलं नव्हतं.

द्रोण बाहेर आला. केशरनं फुंकर घातली. मग चार वर्षं जो वास ओळखीचा होता, तो पहिल्यांदा जिभेवर घेतला.

पियेदाद मागच्या दारात उभी होती, नाकाला पदर लावून. सासू तिच्या खांद्यावरून डोकावत होती. केशर सावकाश चावत होती. एकदा थांबली, कपाळाला आठी घातली, पुन्हा चावू लागली.

“कशी झाली आहे गो?” पियेदादला राहवेना.

केशरनं घास गिळला. झाडावरचा भोपळा काढून दोन घोट पाणी प्यायली. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “मिरी लई पडती की, बाय. चार वर्षांत कुणी बोललं कसं न्हाई?”

आणि उरलेला अर्धा द्रोण बोक्याच्या पुढ्यात ठेवून, हात धुऊन, ती घरच्या पाठी भरायला आत गेली.